हाय खाल्ली म्हणजे डिप्रेशन आलं का?

प्रश्न असा आलाय: "माझी आजी कराडची. कुणी खचून घरात बसलं की ती म्हणायची 'त्यानं हाय खाल्ली'. हे डिप्रेशनलाच म्हणायचे का? आणि डिप्रेशनला मराठीत नेमका शब्द कोणता, उदासी, नैराश्य की विषाद?"

आधी हाय बघू. सांगलीकडच्या माणसाचा पहिला घोळ इथंच होतो, कारण आमच्याकडं 'हाय' म्हणजे 'आहे' पण. 'बरं हाय का?' 'हाय की.' तो हाय वेगळा. ही हाय 'हाय हाय' करण्यातली, हळहळीची, आणि ती कायम कशाचीतरी असते. पोराची हाय, जमिनीची हाय, गेलेल्या म्हशीची हाय खाल्लेली माणसं पण मी बघितलीत, हसू नका. म्हणजे शब्दातच कारण धरलेलं आहे. आणि क्रियापद बघा, 'त्यानं खाल्ली'. कच खाल्ली तशी हाय खाल्ली, कर्ता तोच, मग लोक म्हणायला मोकळे की एवढी कशाला खायची, सोड की आता. 'मनाला लावून घेतलंय' याची पण तीच गत, त्यानंच लावून घेतलं तर त्यानंच काढून टाकावं असा हिशोब.

आता शेजारी 'मला करमत नाही' ठेवून बघा. इथं मी काही करत नाही, मला होतंय. आजाराबद्दल मराठी असंच बोलते, ताप येतो, कावीळ होते, ताप कुणी खात नाही. त्यामुळं 'डिप्रेशन आलंय' हे बोलायला धेडगुजरी वाटलं तरी मला ते 'हाय खाल्ली'पेक्षा जास्त खरं वाटतं.

बाकी शब्दांचं थोडक्यात. उदास मूळचा दुःखी नव्हेच, उद् अधिक आस्, बाजूला अलिप्त बसलेला. तुकोबांच्या 'उदास विचारें वेच करी' मध्ये तोंड पाडून पैसे खर्च करायला सांगितलेलं नाही, आसक्ती न ठेवता करायला सांगितलंय. विषाद म्हणजे खाली बसणं, खचणं (धातू सद्, बसणे, गंमत म्हणजे हा पण बसण्यातलाच). गीतेच्या पहिल्या अध्यायाचं नाव अर्जुनविषादयोग, आणि तिथं अर्जुन मन दुखतंय म्हणत नाही, गात्रं गळाली, तोंडाला कोरड पडली म्हणतो. हे लक्षात ठेवा, पुढं लागेल. हिंदीवाले अवसाद लिहितात. आपल्या पेपरात नैराश्य चालतं, पण त्यात फक्त आशा संपल्याचं येतं, झोप, भूक, अंगातली ताकद याचं काही येत नाही. मला विचाराल तर बीपी, शुगर म्हणतो तसं सरळ डिप्रेशन म्हणा. फक्त मॅच हरली म्हणून 'डिप्रेशनमध्ये गेलो' म्हणू नका, त्याला हिरमोड हा चांगला शब्द पडून आहे.

पण आजीच्या 'हाय खाल्ली'त डिप्रेशन असायचं का, तर कधी असायचं, कधी नसायचं, आणि तो फरक त्या शब्दात कळत नाही. माझ्या चुलत्यांचं सांगतो. तासगावकडं द्राक्षबाग. घड भरत आले आणि अवकाळीनं मणी तडकले, शेजारच्या चार बागांचं पण तेच झालं. सगळेच महिनाभर सुतकात असल्यासारखे होते, पण बाकीचे मधेच चहाला बसून दलालाला शिव्या घालायचे, हसायचे, परत गप्प व्हायचे. साधं दुःख असं येऊन जाऊन असतं, आणि त्यात माणूस स्वतःला निकामी समजत नाही. खरड छाटणीला ते लोक मजुरांशी भांडायला लागले म्हणजे ठीक झाले. काका बागेत गेलेच नाहीत. पहाटे तीनला उठून सोप्यात बसायचे, काकू चहा ठेवायची, त्यावर साय धरायची, हात लावायचे नाहीत. सगळे म्हणत होते बागेची हाय खाल्ली. अहो पण पुढच्या साली बाग चांगली आली, दर चांगला मिळाला, तरी माणूस तसाच. कारण गेलं आणि हाय राहिली, मग ती हाय कसली?

काका डॉक्टरला काय सांगायचे, तर अंग मोडून येतंय, पोटात जळजळतंय. (अर्जुन आठवा.) वर्षभर ॲसिडिटीच्या गोळ्या चालल्या. शेवटी सांगलीत एका डॉक्टरनी थायरॉइड तपासून घेतला, तो नॉर्मल निघाला, आणि काकूला विचारलं की ह्यांना पूर्वी आवड कशाची होती. काकू म्हणाली, "कुस्तीची. कुंडलचं मैदान कधी चुकवलं न्हाई, औंदा गाडी दारात आली तरी उठलं न्हाईत." मानसोपचाराचा रस्ता या एका वाक्यावरून सापडला. डिप्रेशनच्या गोळ्यांना गुण यायला दोन ते चार आठवडे जातात, काकांना त्या आठव्या दिवशीच बंद करायच्या होत्या, तो वेगळा तमाशा.

म्हणून कुणी 'हाय खाल्ली' म्हटलं की मी शब्द सोडून त्या माणसाची 'नाही'ची वाक्यं ऐकतो. करमत नाही, चव लागत नाही, झोप येत नाही, उठवत नाही, कशात जीव लागत नाही. नव्या नवरीला सासरी करमत नाही पण माहेरचा फोन आला की चेहरा उजळतो, तिथं घाबरायचं कारण नाही. डॉक्टर लोक साधारण दोन आठवडे धरतात, रोज, दिवसातला बराचसा वेळ मन बसलेलं किंवा कशातच गोडी नाही, त्यात झोप, भूक, कामातलं लक्ष बिघडलेलं, आपण कुचकामी असं वाटणं, तर दाखवून घ्या. सिव्हिलमध्ये मानसोपचाराची ओपीडी असते, साताऱ्यात क्रांतिसिंह नाना पाटील रुग्णालय आहे, मिरजेला मेडिकल कॉलेज आहे.

आणि 'मी तुम्हाला ओझं झालोय', 'एकदाचा सुटलो म्हणजे बरं' अशी वाक्यं आली तर दोन आठवडे मोजत बसू नका, त्याच दिवशी न्या, माणसाला एकटं सोडू नका. टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा 14416 हा नंबर फुकट आहे, चोवीस तास चालतो, मराठीत बोलता येतं. काकांनी असं एकदा म्हटल्यावर काकूनं फवारणीच्या औषधांच्या खोलीला कुलूप घालून किल्ली स्वतःकडं ठेवली, कुणी सांगितलं नव्हतं तिला.

परवा काकांना फोन केला, कसं काय म्हटलं. म्हणाले, "हाय, बरं हाय. गोळी चालू हाय. कुंडलला येतोस का?"