लॉबीतली नोकरी घे, पण एक संध्याकाळ मागून घे

प्रिय विद्यार्थिनीस,
अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र मिळालं. हॉटेलच्या लॉबीत रोज संध्याकाळी चेलो वाजवायचा, त्यातही बहुतेक हिंदी सिनेमाची गाणी. पैसे बरे आहेत. बाबा म्हणतात घे, बरोबरीची मुलं म्हणतात हात बिघडेल, नाव खराब होईल. मी बाबांच्या बाजूने आहे, पण माझी एक अट आहे. ती समजावी म्हणून आधी थोर चेलोवादक पाब्लो कासाल्सचं थोडं सांगतो.

कासाल्सचा जन्म 1876 चा, स्पेनच्या कातालोनिया प्रांतातल्या एल् वेंद्रेल गावचा. वडील चर्चमध्ये ऑर्गन वाजवायचे. संगीतावर पोट भरत नाही हे त्यांना चांगलंच ठाऊक होतं, म्हणून पोराला सुतारकामाला लावावं असं त्यांच्या मनात होतं. आईने ऐकलं नाही. ती त्याला घेऊन बार्सिलोनाला आली आणि तिथल्या महापालिकेच्या संगीतशाळेत घातलं. शिक्षण सुरू झालं तशी पैशांचीही गरज लागली. मग ग्रासिया भागातल्या काफे तोस्तमध्ये तो वाजवू लागला. पियानो, व्हायोलिन आणि याचा चेलो. लोक कॉफी पीत गप्पा मारायचे आणि हे तिघं त्या काळच्या लोकांच्या तोंडी असलेल्या चाली वाजवायचे. म्हणजे तुझी लॉबीच की!

पण या पोराने मालकाच्या मागे लागून आठवड्यातली एक संध्याकाळ अभिजात संगीतासाठी मागून घेतली. मालकाने दिली, आणि त्या संध्याकाळी लोक मुद्दाम ऐकायला यायला लागले. संगीतकार इसाक आल्बेनिसने त्याला याच काफेत ऐकलं. पुढे माद्रिदच्या दरबारी वजन असलेल्या काउंट मॉर्फींच्या नावे त्याने चिठ्ठी दिली आणि स्पेनच्या राणीकडून विद्यावेतन मिळालं, त्याचं मूळ इथे आहे.

आता एक संध्याकाळ मिळाली म्हटल्यावर दर आठवड्याला नवं काहीतरी लागणार. ते शोधायला 1890 मध्ये तो वडिलांबरोबर बंदराजवळच्या नोटेशनच्या दुकानांत फिरत होता. एका जुन्या दुकानात धुळकट कागदांत त्याला जर्मन संगीतकार बाखचे एकट्या चेलोसाठी लिहिलेले सहा सुइट, म्हणजे नृत्यांच्या चालींवर बेतलेल्या रचनांचे संच, सापडले. ही गोष्ट सांगणारे बहुतेक जण दुकानापासून सुरुवात करतात आणि सगळं दैवावर ढकलतात. मला ते पटत नाही. मालकाशी घासाघीस केली नसती तर हा मुलगा त्या दुकानात कशाला गेला असता?

त्या काळी हे सुइट म्हणजे बोटांच्या कसरती समजत. वाजवलाच तर त्यातला एखादा तुकडा कुणी वाजवायचं. याने बारा वर्षं ते रोज घासले, मगच एक अख्खा सुइट मैफिलीत वाजवला. ध्वनिमुद्रण तर आणखी उशिरा, 1936 ते 1939 मध्ये. तेव्हा तो साठीत होता. तू मला विचारतेस, यूट्यूबवर कधी टाकू!

हात बिघडण्याचं भय मात्र बाजूला ठेव. त्या वेळी चेलोच्या विद्यार्थ्यांना उजव्या काखेत पुस्तक धरून वाजवायला लावत, कोपर अंगाला चिकटलेलं राहावं म्हणून. कासाल्सने विद्यार्थी असतानाच ते सोडलं आणि हात मोकळा केला. डाव्या हाताचंही तेच. पंजा सारखा वरखाली सरकवण्यापेक्षा बोटं ताणून सूर गाठायचे. तुला मी पहिल्या दिवसापासून जे शिकवलं ते त्याचंच. शिवाय मुख्य षड्जाकडे जाणारा निषाद तो जरा चढा ठेवायचा. तुझ्या कानावर आपल्याकडचं गाणं पडलेलं आहे, तुला हे जड जाऊ नये.

अवघड दिवस त्यालाही चुकले नाहीत. पुढे शिकायला ब्रसेल्सच्या संगीतशाळेत गेला, तर तिथल्या प्राध्यापकाने वर्गासमोर टर उडवली. याने वाजवून दाखवल्यावर तोच प्राध्यापक प्रवेश द्यायला तयार झाला, तर यानेच नकार दिला. त्यापायी विद्यावेतन गेलं. पॅरिसमध्ये फोली-मारिन्यी या करमणुकीच्या थिएटरात दुसऱ्या चेलोवर बसला, आई शिवणकाम करायची. परत बार्सिलोनाला येऊन शिकवण्या आणि ऑपेराचा वाद्यवृंद, उन्हाळ्यात पोर्तुगालच्या एस्पिन्योमधला कॅसिनो. 1899 मध्ये पॅरिसला वाद्यवृंद-संचालक लामूरोच्या मैफिलीत नाव झालं, तोवर भाड्याचं वाजवणं सुटलेलं नव्हतं. आपल्याकडेही गोव्याचे कितीतरी वादक दिवसा फिल्म स्टुडिओत आणि रात्री हॉटेलच्या बँडमध्ये बसत. त्यांच्यापैकी कुणाच्या हाताला लॉबीने गंज चढवल्याचं मी पाहिलं नाही.

नंतरचा कासाल्स तुला माहीत आहे. स्पेनच्या यादवी युद्धात हुकूमशहा फ्रँको जिंकल्यावर तो सीमेपलीकडे फ्रान्समधल्या प्राद गावात राहिला, दुसऱ्या महायुद्धानंतर निषेध म्हणून जाहीर वाजवणं थांबवलं, 1950 मध्ये त्याच गावात बाखसाठी पुन्हा चेलो हातात घेतला. त्यावर भेटलो की बोलू. आत्ता तुझं काम मॅनेजरशी आहे.

तर अट अशी. सही करण्याआधी आठवड्यातली एक संध्याकाळ अभिजात संगीतासाठी माग. नाहीच म्हणाला तर मंगळवारचा शेवटचा अर्धा तास माग. त्या वेळी लॉबी रिकामी असते, तो हो म्हणेल. तोंडी नको, करारात लिहून घे. खुर्ची एसीच्या झोताखाली नको हेही त्यातच घाल. कोरड्या हवेने खुंट्या घसरतात, लाकडाचे सांधे सुटतात आणि दुरुस्तीचा खर्च तुझ्याच माथी येईल. सुरुवातीला पहिल्या सुइटचं प्रेल्यूड, म्हणजे सुरुवातीचा भाग, घेऊ नकोस. जाहिराती नि सिनेमांमुळे ते लोकांच्या इतकं कानावर आहे की कुणी मान वर करणार नाही. त्याच सुइटमधलं साराबांद हे नृत्य घे. संथ आहे, दोन तारा एकदम वाजवताना तुझा बो (गज) अजून थरथरतो, तो तिथे रोज तपासला जाईल. काय वाजवणार त्याची यादी पाठव, बो कुठे कसा फिरवायचा ते मी लिहून देतो.

आईला नमस्कार सांग.

तुझे सर