नरसाळ्यातले पाणी आणि तिप्पट आलेले उत्तर

प्रश्न : मी बारावी विज्ञान शाखेत शिकते. सरावासाठी एक गणित दिले होते. एक नरसाळे १२ सेंटिमीटर खोल आहे, तोंडाशी त्याची त्रिज्या ६ सेंटिमीटर आहे आणि खालचे भोक बुचाने बंद केले आहे. त्यात दर सेकंदाला २० घन सेंटिमीटर पाणी पडत असेल, तर पाणी ४ सेंटिमीटर खोल असताना पातळी किती वेगाने चढत असेल? त्या वेळी पाण्याच्या पृष्ठभागाची त्रिज्या २ सेंटिमीटर असते हे मी काढले, ती शंकूच्या घनफळाच्या सूत्रात घातली आणि अवकलन केले, म्हणजे बदलाचा दर काढला. उत्तर सेकंदाला ४.७७ सेंटिमीटर आले. पुस्तकातले उत्तर १.५९ आहे. सूत्र बरोबर आहे, आकडेमोड तीनदा तपासली आहे, आणि माझे उत्तर नेमके तिप्पट आहे. चूक कुठे झाली?
(एक विद्यार्थिनी, बार्शी)

उत्तर : तुमचे उत्तर नेमके तिप्पट आहे हे तुमच्या लक्षात आले, याचा मला फार आनंद झाला, कारण चुकीचे मूळ त्या ‘नेमके’ या शब्दातच आहे. सूत्र आणि आकडेमोड दोन्ही बरोबर आहेत. चुकला आहे तो क्रम. तुम्ही त्रिज्येच्या जागी २ हा आकडा अवकलनाच्या आधी घातला. आकडा घातल्याबरोबर त्रिज्या ही बदलणारी राशी राहिली नाही, ती स्थिरांक झाली, आणि स्थिरांकाचा बदलदर शून्य असतो. तुम्ही सोडवलेले गणित नरसाळ्याचे उरलेच नाही. पाणी चढत असूनही त्याच्या पृष्ठभागाची त्रिज्या २ सेंटिमीटरवरच अडकून राहते, अशा एका अशक्य भांड्याचे ते गणित झाले.

आता तेच गणित योग्य क्रमाने करू. घनफळाला घ, पृष्ठभागाच्या त्रिज्येला त्र आणि पाण्याच्या खोलीला ख म्हणू. शंकूसाठी घ = १/३ × पाय × त्र² × ख; इथे पाय म्हणजे π, सुमारे ३.१४. यात त्र आणि ख या दोन्ही राशी बदलत आहेत, परंतु नरसाळ्याचा उतार बदलत नाही. समरूप त्रिकोणांवरून त्र आणि ख यांचे गुणोत्तर ६ ला १२, म्हणजे प्रत्येक क्षणी त्र = ख/२ असते. ‘प्रत्येक क्षणी’ हे शब्द महत्त्वाचे आहेत. त्र = २ हे फक्त एका क्षणापुरते खरे आहे, तर त्र = ख/२ हे पाणी पडायला लागल्यापासून नरसाळे भरेपर्यंत खरे आहे, आणि अवकलन नेहमी अशाच समीकरणाचे करता येते, जे त्या क्षणाच्या आगेमागेही खरे असते. हा संबंध सूत्रात घातला की घ = पाय × ख³/१२ एवढे सुटसुटीत समीकरण उरते. दोन्ही बाजूंचे काळानुसार अवकलन केले, की घनफळाचा बदलदर = पाय × ख²/४ × खोलीचा बदलदर. आता, आणि आताच, ख = ४ घालायचे. डावीकडे २०, उजवीकडे १२.५७ गुणिले खोलीचा बदलदर, भागाकार १.५९.

तिप्पट का, हेही पाहण्यासारखे आहे. खोली एक टक्क्याने वाढली तर त्रिज्याही एक टक्क्याने वाढते. सूत्रात त्रिज्येचा वर्ग असल्यामुळे तिच्यामुळे घनफळ सुमारे दोन टक्क्यांनी वाढते आणि खोलीमुळे आणखी एक टक्क्याने. म्हणजे येणाऱ्या पाण्याचे तीन वाटे होतात, त्यांतले दोन पातळी रुंद होण्यात खर्च होतात आणि एकच वाटा उंची वाढवण्याच्या कामी येतो. तुम्ही त्रिज्या गोठवली तेव्हा ते दोन्ही वाटे उंचीकडेच वळवले गेले आणि पातळी तिप्पट वेगाने चढू लागली.

असे उत्तर पुस्तक न उघडताही पकडता येते, आणि ती सवय मला सूत्रे पाठ असण्यापेक्षा मोलाची वाटते. पाणी ४ सेंटिमीटर खोल असताना त्याच्या पृष्ठभागाचे क्षेत्रफळ पाय × २², म्हणजे सुमारे १२.५७ चौरस सेंटिमीटर असते. पातळी सेकंदाला ४.७७ सेंटिमीटर वेगाने चढत असेल, तर पुढच्या एक दशांश सेकंदात ती जवळजवळ अर्धा सेंटिमीटर चढेल, आणि पृष्ठभागाच्या वरचा तेवढा थर भरायला निदान ६ घन सेंटिमीटर पाणी लागेल. तेवढ्या वेळात नळातून आले फक्त २. मग बाकीचे पाणी कुठून आले? मघाच्या समीकरणातला पाय × ख²/४ हा भाग म्हणजे हे पृष्ठभागाचे क्षेत्रफळच आहे, हे तुमच्या लक्षात आले असेल. भांड्याचा आकार कोणताही असो, घनफळाचा बदलदर = पृष्ठभागाचे क्षेत्रफळ × पातळीचा बदलदर, हे नाते कायम राहते.

घरी एक नरसाळे आणि २० मिलीलिटरची सिरिंज असेल तर हे डोळ्यांनी पाहता येईल. तुमच्या गणितातल्या मापाचे नरसाळे घेतले, तर पहिल्या २० मिलीलिटरला पाणी ४.२४ सेंटिमीटरपर्यंत चढते, दुसऱ्या वेळी त्यात फक्त १.१० सेंटिमीटरची भर पडते, तिसऱ्या वेळी ०.७७, चौथ्या वेळी ०.६२ आणि पाचव्या वेळी ०.५२. पाणी दर वेळी सारखेच ओतले, तरी पातळीची चाल मंदावत गेली. घरगुती नरसाळ्याच्या बुडाशी नळी असते, त्यामुळे पहिला आकडा थोडा वेगळा येईल. पुढच्यांचा कल मात्र हाच दिसेल.

शिकवताना मी फळ्याचे दोन भाग करतो. डावीकडे गणितातले कायमचे आकडे लिहितो. तुमच्या गणितात ते १२, ६ आणि २० हे आहेत. उजवीकडे, खालच्या कोपऱ्यात, त्या एका क्षणाचे आकडे लिहून त्यांभोवती चौकट करतो; इथे ते ४ आणि २. अवकलनाची ओळ लिहून होईपर्यंत चौकटीतल्या आकड्यांना हात लावायचा नाही. चिन्हांचे आणि एककांचे मी इथे विस्ताराने सांगत नाही. कमी होणाऱ्या राशीचा बदलदर ऋण असतो, एवढे सांभाळले तरी पुरते.

प्रश्न : ५ मीटर लांबीची शिडी भिंतीला टेकलेली आहे आणि तिचे खालचे टोक सेकंदाला ०.४ मीटर या स्थिर वेगाने भिंतीपासून दूर ओढले जात आहे. सूत्रानुसार वरचे टोक जमिनीजवळ येते तसा त्याचा वेग अमर्याद वाढत जातो. हे प्रत्यक्षात शक्य नाही. मग कलनशास्त्र (कॅल्क्युलस) इथे चुकते का?
(एक शिक्षक, नाशिक)

उत्तर : कलनशास्त्र चुकत नाही, आपण त्याला दिलेले गृहीत चुकते. भिंतीपासूनचे अंतर आणि वरच्या टोकाची उंची यांच्या वर्गांची बेरीज २५, हे पायथागोरसचे समीकरण आहे. त्याचे अवकलन केल्यावर वरच्या टोकाचा खाली येण्याचा वेग = अंतर ÷ उंची × ०.४ असा मिळतो. खालचे टोक ३ मीटरवर असताना उंची ४ मीटर आणि वेग सेकंदाला ०.३ मीटर. हे उत्तर अवकलनाशिवाय पडताळता येते. त्या क्षणापासून पूर्ण एक सेकंद मोजला तर टोक सरासरी ०.३३४ मीटर वेगाने घसरते, एक दशांश सेकंद मोजला तर ०.३०३ आणि एक शतांश सेकंद मोजला तर ०.३००३ मीटर वेगाने. अवधी लहान होत जातो तशी ही सरासरी ०.३ वर येऊन ठेपते. वर्गात हे आकडे विद्यार्थ्यांकडून काढून घ्यावेत, असे मला आग्रहाने सांगावेसे वाटते, कारण ‘त्या क्षणीचा वेग’ या शब्दांचा अर्थ त्यांना तिथेच पहिल्यांदा हाताला लागतो.

मात्र हे समीकरण वरचे टोक भिंतीला टेकलेले आहे तोपर्यंतच खरे आहे. भिंत शिडीला बाहेर ढकलू शकते, स्वतःकडे ओढू शकत नाही. सूत्राला हवा असलेला वेग गाठण्यासाठी शिडीला गुरुत्वाकर्षण देऊ शकते त्याहून अधिक वेगाने वळावे लागले, की टोक भिंत सोडते. शिडी सर्वत्र सारख्या जाडीची आणि भिंत गुळगुळीत मानली तर हा क्षणही काढता येतो. वरच्या टोकाच्या उंचीचा घन जेव्हा २ × खालच्या टोकाच्या वेगाचा वर्ग × शिडीच्या लांबीचा वर्ग ÷ (३ × गुरुत्व त्वरण) याच्याइतका होतो, तेव्हा शिडी सुटते. तुमच्या आकड्यांसाठी ही उंची सुमारे ६५ सेंटिमीटर येते आणि त्या वेळी वरच्या टोकाचा वेग सेकंदाला सुमारे ३ मीटर असतो. त्यापुढे पायथागोरसचे समीकरण लागूच होत नाही, म्हणून अमर्याद वेगाचा प्रश्नही उरत नाही. गणित देताना ‘शिडी भिंतीला टेकलेली असेपर्यंत’ हे शब्द लिहिले, तर विद्यार्थ्याची फसगत होत नाही.

प्रश्न : पंचांगात एखादी तिथी २६ तासांची असते तर एखादी २१ तासांहूनही लहान असते. याचा या बदलदरांच्या गणितांशी संबंध आहे का? भास्कराचार्यांना अशी गणिते येत होती, असे ऐकले आहे.
(एक वाचक, चाळीसगाव)

उत्तर : थेट संबंध आहे. चंद्र सूर्याच्या पुढे १२ अंश सरकला की एक तिथी पुरी होते. म्हणजे तिथीचा वेग हा चंद्राच्या आणि सूर्याच्या दैनिक गतींमधला फरक. सूर्य दिवसाला सुमारे १ अंश चालतो. चंद्राची गती मात्र तो पृथ्वीपासून दूर असताना १२ अंशांच्या जवळपास आणि निकट असताना १५ अंशांच्या जवळपास असते. पहिल्या वेळी फरक ११ अंशांचा, म्हणून १२ अंशांना सुमारे २६ तास लागतात. दुसऱ्या वेळी फरक १४ अंशांचा आणि वेळ सुमारे साडेवीस तास.

भास्कराचार्यांनी ११५० मध्ये लिहिलेल्या सिद्धांतशिरोमणीत याच अडचणीचा विचार केला आहे. त्यांच्या गणितात ग्रहाचे स्पष्ट (प्रत्यक्ष) स्थान म्हणजे मध्यम (सरासरी गतीने येणारे) स्थान आणि एक दुरुस्ती, आणि ही दुरुस्ती एका कोनाच्या ज्येवर (साइनवर) अवलंबून असते. कोनाचा बदलदर ठाऊक आहे, तर दुरुस्तीचा बदलदर किती? त्यांचे उत्तर कोटिज्येच्या (कोसाइनच्या) प्रमाणात येते. आज ज्येचे अवकलन करून आपल्याला तेच मिळते. म्हणून या गणिताला परस्परसंबद्ध बदलदरांचे गणित म्हणायला मला संकोच वाटत नाही. त्यांनी संपूर्ण कलनशास्त्र रचले, असे म्हणणे मात्र मला पटत नाही, कारण कोणत्याही फलाला (फंक्शनला) लागू पडणारी रीत तिथे नाही; ती सतराव्या शतकात न्यूटन आणि लायब्निझ यांच्याकडून आली.

परंतु त्यांनी केलेला एक भेद फार सूक्ष्म आहे. आज आणि उद्याच्या स्थानांतला फरक ही दिवसाची गती, आणि या क्षणी जी आहे ती तात्कालिक गती. चंद्राची गती मोठी आहे आणि क्षणोक्षणी सारखी राहत नाही. म्हणून तिथीचा शेवट जवळ असेल तर तो काढताना चंद्राची तात्कालिक गतीच घ्यावी आणि लांबचे चालन करायचे असेल, म्हणजे बऱ्याच पुढच्या वेळेचे स्थान काढायचे असेल, तर दिवसाची गती घ्यावी, असे ते सांगतात. समजा चंद्र आणि सूर्य यांच्यातले अंतर तिथी पुरी व्हायला अर्धा अंश कमी आहे. तात्कालिक फरक दिवसाला १४ अंशांचा असेल, तर ५१ मिनिटांत तिथी संपेल. तोच ११ अंशांचा असेल, तर ६५ मिनिटे लागतील.