सोलापुरात घरच्या घरी झटपट व्हिएतनामी चिकन नूडल सूप करता येईल का? आपल्या तिखट खाणाऱ्या तोंडाला ते पाणचट लागणार नाही का?

येईल. तासाभरात होतं, आणि बारा आणे साहित्य तुमच्या घरात आत्ताही असेल.

उत्तर इथंच संपवलं असतं, पण ते ‘पाणचट’ वाचलं आणि डोकं फिरलं. हाच शब्द मी गेलं वर्षभर आमच्या साडूंच्या तोंडून ऐकतोय. लग्नात ऐकला, बारशात ऐकला, परवा तर तेराव्याच्या पंगतीत ऐकला. त्यामुळे उत्तर लांबणार आहे. ज्यांना नुसती कृती हवी त्यांनी मधलं सगळं सोडून खाली जावं.

आधी मला सांगा, तुम्ही सोलापूरचेच ना? मग आळणी प्यायला असालच की. रविवारी मटण हळद-मीठ-आलं-लसूण लावून शिजलं, की काळा मसाला पडायच्या आधी पातेल्यातलं ते पिवळं पाणी पोरांच्या वाट्यांत यायचं. आम्ही चार भावंडं त्यासाठी ओट्याखाली रांगेत बसायचो. त्यात कडक भाकरीचा तुकडा मोडून टाकायचा, जरा मऊ पडला की बोटांनी खायचा, राहिलेलं तोंडाला वाटी लावून प्यायचं. तेव्हा कुणी ‘पाणचट आहे’ म्हणून वाटी परत केली होती का? पुढच्या झणझणीत रश्श्यापेक्षा भांडणं आळणीवरूनच जास्त व्हायची.

व्हिएतनामचं चिकनचं सूप हे त्याच आळणीचं लांबचं भावंड. त्याला ‘फो गा’ म्हणतात. ‘गा’ म्हणजे कोंबडी. ‘फो’ म्हणताना ओठांचा चंबू करू नका, ‘फ’च म्हणायचं आणि शेवटाला आवाज खाली नेऊन प्रश्न विचारल्यासारखा जरा वर उचलायचा. मला अजून जमत नाही. मूळ फो बीफचा. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला उत्तर व्हिएतनामात, हनोई आणि नाम दिन्हच्या बाजूला तो रुजला. कोंबडीचा नंतर आला. 1939 च्या सुमारास सोमवारी आणि शुक्रवारी बीफविक्री बंद असायची, त्या दोन दिवसांसाठी फोवाल्यांनी कोंबडी धरली, असं सांगतात. 1954 साली देशाची फाळणी झाली, उत्तरेतली लाखो माणसं दक्षिणेत गेली, आणि तिकडे सायगॉनमध्ये त्याच वाटीत मोड आलेले मूग, तुळशीच्या जातीची पानं, गोड सॉस असं सगळं पडायला लागलं. हनोईवाले अजून त्यावर नाक मुरडतात. मी हनोईवाल्यांच्या बाजूचा.

आता साडूंचं. 2023 च्या डिसेंबरात आम्ही दोन्ही जोडपी ग्रुप टूरनं व्हिएतनामला गेलो. नावं त्यांनीच घातली होती. सहा दिवस दोन्ही वेळा भारतीय हॉटेल. पनीर, दाल, जिरा राईस. हनोईत पनीर, दा नांगमध्ये पनीर, बोटीवर पनीर. साडू खूश. सकाळच्या नाश्त्याला पुण्याहून आणलेली बाकरवडी आणि माझ्या पिशवीतली शेंगाचटणी. (ती मी नेली होती हे कबूल. शेंगाचटणी घेतल्याशिवाय सोलापूरचा माणूस कुर्डुवाडीच्या पुढं जात नाही.)

तिसऱ्या दिवशी पहाटे सहाला मी एकटाच खाली उतरलो. गल्लीच्या तोंडाशी वाफ दिसली म्हणून थांबलो. काचेच्या कपाटात उकडलेल्या पिवळ्याधमक कोंबड्या टांगलेल्या. एक बाई लाकडाच्या ओंडक्यावर सुऱ्यानं हाडासकट तुकडे पाडत होती, इतक्या पटापट की मला तिच्या बोटांचीच काळजी. दुसरीनं तांदळाच्या पांढऱ्या, चपट्या नूडल्स जाळीच्या झाऱ्यात घेतल्या, उकळत्या पाण्यात बुडवल्या, दोन झटके दिले आणि वाडग्यात. वर कोंबडी, पातीचा कांदा, आणि लिंबाच्या झाडाची पानं, केसाएवढी बारीक चिरलेली. मग वरून कढत पाणी. रस्सा म्हणवत नाही, इतकं नितळ. फूटभर उंचीच्या प्लॅस्टिकच्या स्टुलावर गुडघे छातीशी घेऊन बसलो. वाडग्याच्या तळाची निळी नक्षी सुपातून दिसत होती. टेबलावर बरणीत शिरक्यात मुरलेला लसूण आणि लाल मिरच्या. शेजारचा म्हातारा तळलेल्या पिठाची लांब काडी मोडून सुपात बुडवत होता. मला कडक भाकरीच आठवली. 50,000 डोंग झाले, म्हणजे आपले 170 रुपये.

परत येऊन सांगितलं तर साडू म्हणाले, “रस्त्यावरचं खाल्लंत? पोट बिघडलं तर आम्हाला सांगू नका.” पोट बिघडलं, त्यांचं. पनीरनं. हे ते कुठंही सांगत नाहीत.

घरी आल्यावर चार-पाच वेळा प्रयोग फसले. तुमचे फसू नयेत म्हणून सांगतो.

कोंबडी ब्रॉयलरच घ्या. गावरान चवीला वरचढ, पण दीड-दोन तास मागते आणि तुम्हाला झटपट हवंय. दुकानदाराला आधीच सांगा, तंगड्या अख्ख्या ठेव, बारीक तुकडे करू नको, आणि मान-पाय पण दे. आपल्याकडचा दुकानदार हात सुरू झाला की थांबत नाही, म्हणून सुरा उचलायच्या आधी सांगा. चौघांना पाऊण किलो पुरतं. पाणी दोन लिटर. छातीचं बिनहाडाचं मांस घेऊन सूप करणाऱ्यांनी सरळ चहा करावा.

दोन कांदे अर्धे कापून आणि दोन बोटं आलं सालीसकट जाळीवर ठेवून गॅसवर भाजा. भरताचं वांगं भाजतो तसं, बाहेरून काळं होईपर्यंत. मग काळं खरवडून टाका. सगळा खेळ इथंच आहे, तो गोडसर धुरकट वास दुसऱ्या कशानं येत नाही. मसाल्याला तव्यावर कोरडंच भाजलेलं एक चमचा धणे, एक चक्रीफूल, दालचिनीचा बोटाच्या पेराएवढा तुकडा, दोन लवंगा. कांदा-आल्याबरोबर हेही कोंबडीच्या पातेल्यात. संपलं. चक्रीफूल तर आपल्या काळ्या मसाल्यातही पडतं, आणि ते झाड मुळात दक्षिण चीन आणि व्हिएतनामच्या उत्तर टोकाकडचं. पण दुसरं फूल टाकायचा मोह झाला तर हात बांधून घ्या. बीफला ते झेपतं, कोंबडीच्या सुपाला खोकल्याच्या औषधाचा वास येतो. पहिल्या वेळी माझा आलाच.

कोंबडी पाच मिनिटं उकळून पहिलं पाणी फेकून द्या, असं बरेच जण सांगतात. ज्यांच्या गावाला रोज पाणी येतं त्यांनी फेकावं. आमच्याकडे उजनी धरण भरलं तरी नळ काही दिवसांआड, मला ते पाणी मोरीत ओतवत नाही. मी पळीनं फेस काढत बसतो. दहा मिनिटं लागतात, पण सूप स्वच्छ राहतं. गॅस मंद. बुडबुडा इकडे एक, तिकडे एक, एवढाच. खळाखळा उकळलंत की गढूळ झालं समजा. झाकण नको आणि कुकर तर नकोच नको.

पंचवीस मिनिटांनी तंगड्या काढून थंड पाण्यात टाका, मांस सोडवा आणि हाडं परत पातेल्यात, आणखी वीस मिनिटं. मग गाळा. मीठ, सुपारीएवढी खडीसाखर आणि दीड चमचा फिश सॉस. खडीसाखर तिकडेही तशीच घालतात, हे मला फार आवडलं. फिश सॉस म्हणजे बारीक मासळी मिठात महिनोन् महिने मुरवून काढलेलं पाणी. बाटली उघडताच घरातले बाहेर पळतील, सुपात मात्र त्याचा वास राहत नाही, चव तेवढी खोल जाते. ऑनलाइन मागवा, वर्षभर पुरतो. नसेल तर आठवडी बाजारातली चिमूटभर सुकट भाजून, फडक्यात बांधून उकळीत सोडा. मी केलंय, बरं लागतं. फो नाही म्हणता येत, पण फोची चुलत बहीण म्हणता येतं.

नूडल्स तांदळाच्याच हव्यात. हक्का गव्हाच्या असतात, त्या नकोत. चपट्या मिळाल्या तर कोमट पाण्यात अर्धा तास भिजवून खाताना मिनिटभर उकळत्या पाण्यात. नाही मिळाल्या तर तांदळाच्या शेवयांचं पाकीट घ्या, सोलापुरात दक्षिणेकडचं सामान ठेवणाऱ्या दुकानांत ते सहज असतं. नूडल्स सुपात शिजवू नका, पीठ सुटतं. वर पातीचा कांदा, कोथिंबीर, लिंबू, हिरव्या मिरचीच्या चकत्या. तिखट हवं त्यानं मिरची आपापल्या वाडग्यात घ्यावी. वाडग्यात, पातेल्यात नाही. हे मी मुद्दाम दोनदा लिहितोय आणि का ते सांगतो.

गेल्या आषाढात आईला ताप आला. चौऱ्याहत्तर वय, आठ दिवस पेज आणि मोसंबीचा रस. तोंडाला चव नाही, ताट समोर आलं की मान फिरवायची. नवव्या दिवशी मी हे सूप केलं. शेवया बारीक मोडून घातल्या, मांसाचे अगदी धागे केले, लिंबू पिळलं. तिनं वाटी नाकाशी नेली, वास घेतला आणि म्हणाली, “काय वेगळं केलंस रे? आळणीच की ही.” आणि अख्खी वाटी संपवली. आठ दिवसांत पहिल्यांदा तिनं आणखी मागितलं. मी म्हटलं, रात्री देतो, आत्ता एकदम नको. उरलेलं पातेलं झाकून ठेवलं.

संध्याकाळी तिला बघायला साडू पुण्याहून आले. मी गोळ्या आणायला सात रस्त्यापर्यंत गेलो होतो. परत आलो तर घरभर फोडणीचा वास. साडू ओट्यापाशी हात पुसत उभे. “मसाला विसरलात वाटतं तुम्ही. केलं बघा मी नीट.” पातेल्यात पाहिलं तर वर बोटभर लाल तर्री. तेल, लसूण, दोन मोठे चमचे काळं तिखट. तासभर खपून नितळ केलेलं पाणी! आईनं भिडेखातर दोन चमचे तोंडात घेतले, पाहुणामाणूस, बोलणार काय. ठसका लागला तो दहा मिनिटं थांबेना. मी पाठीवरून हात फिरवत होतो आणि साडू बाजूला उभे राहून म्हणत होते, “ताप उतरायला तिखटच लागतं.” ती रात्री परत पेजेवर आली.

मी तेव्हा एक शब्द बोललो नाही. हिनं डोळ्यांनी गप्प बसवलं होतं. त्यामुळे तेव्हापासून ते सगळीकडे सांगत फिरतात, “आमचे सोलापूरचे साडू नूडल्स घालून गरम पाणी पितात, मी तिखट टाकलं तेव्हा कुठं म्हातारीनं खाल्लं.” अहो, खाल्लं नाही, ठसकली. पाहुण्यांत हे सांगता येत नाही म्हणून इथं सांगतोय.

आणि काळ्या मसाल्याशी माझं वैर नाही. मटणाला तो हवाच, आळणी पिऊन झाल्यावर मी स्वतः तर्रीदार रस्सा दोनदा घेतो. पण ज्या पातेल्यात दुसऱ्यानं काही केलंय त्यात विचारल्याशिवाय चमचा घालू नये. तुमच्या घरी असा कोणी असेल तर सूप गाळलं की तुम्ही पातेल्यापाशीच उभे राहा.

काही गोष्टी वर राहून गेल्या. कुकर नको म्हटलं खरं, पण कामाच्या दिवशी मीही लावतो. दोन शिट्या, वाफ आपोआप जाऊ द्यायची. थोडं गढूळ होतं, आईला चालतं. उन्हाळ्यात उरलेलं सूप ओट्यावर ठेवू नका, आपल्याकडच्या बेचाळीस डिग्रीत ते संध्याकाळपर्यंतही टिकत नाही, गार झालं की लगेच फ्रीजमध्ये. आणि फिश सॉस भयंकर खारट असतो. आईला बीपी आहे, तिची वाटी मी सॉस घालायच्या आधीच बाजूला काढतो, मीठही तिच्यापुरतं वेगळं आणि कमी. तिला फरक कळत नाही. मला कळतो, पण मी सांगत नाही.