तुमचे प्रश्न : कादंबरीच्या पलीकडे

प्रश्न : मी नाशिकच्या सिडकोत राहते, वय ५२. आजवर कादंबऱ्याच वाचल्या. आता नाणी, पक्षी, इतिहास अशा सगळ्याचंच कुतूहल वाटतं. सुरुवात कुठून करू?

उत्तर : ताई, एकच विषय धरायची घाई नको. १८४० सालचं सार्वजनिक वाचनालय आपल्या गावात आहे, सभासद व्हा. हव्या त्या पुस्तकाशेजारची दोनही चाळा. मला नाण्यांचा नाद असाच लागला. शिलालेखांवरचं पुस्तक शोधत होतो, हाती आलं नाण्यांवरचं. त्यात आपल्याच जिल्ह्यातली जोगलटेंभी! तिथे १९०६ साली क्षत्रप राजा नहपानाची हजारो चांदीची नाणी सापडली आणि त्यातल्या बहुतेकांवर त्याला हरवणाऱ्या सातवाहन राजा गौतमीपुत्र सातकर्णीने आपला ठसा मारलेला. पराभूत राजाचं नाणं न वितळवता त्यावरच आपली मुद्रा! त्या रात्री मी पुस्तक खाली ठेवलं नाही. रविवारी पांडवलेणी गाठली, सातकर्णीच्या आईचा, गौतमी बलश्रीचा शिलालेख डोळे भरून पाहिला.

पक्ष्यांसाठी चित्रांचं पुस्तक घ्या आणि थंडीत नांदूरमध्यमेश्वरच्या पक्षी अभयारण्यात जा. बाकी अडेल तिथे मराठी विश्वकोश आहेच, संकेतस्थळावर मोफत. कादंबऱ्या मात्र सोडू नका हं.