पहिला पतंग भाताच्या बांधावर शोधा

मोठे, रंगीत पतंग बघायला जंगल गाठायची घाई करू नका. पावसाळ्यात भाताच्या बांधावरचं गवत पायाने हलकेच हलवा. पिवळसर तपकिरी, नखाएवढा पतंग भुर्रकन उडून चार हातांवर पुन्हा बसेल. भाताची पानं गुंडाळणाऱ्या अळीचा हा पतंग, शास्त्रीय नाव क्नाफॅलोक्रोसिस मेडिनॅलिस. शिकायला याच्याइतका चांगला सोबती नाही.

सध्या एवढंच करा:

- बसलेला असताना बरोबर वरून फोटो घ्या. पुढच्या पंखावर दोन पूर्ण गडद रेषा, मध्ये एक तोकडी रेघ आणि कडेला गडद पट्टा दिसायला हवा.
- अळीही शोधा. पान लांबीत दुमडून रेशमी धाग्यांनी टाचलेलं असतं. अलगद उघडा. आत हिरवट अळी असते आणि तिने हिरवा भाग खरवडल्याने उमटलेले पांढरे पट्टे. बोट लागताच ती वळवळत मागे सरकते. इतक्या वर्षांनीही मी ते बघायला थांबतो.
- तारीख, जागा आणि झाड जागेवरच लिहा.

नवखे बहुतेक जण पतंग चिमटीत धरतात. पंखांवरचे बारीक खवले बोटाला लागतात, रेषाच पुसल्या जातात, मग ओळखणार कशावरून? दुसरी चूक म्हणजे एका फोटोवर नाव ठोकून देणं. याचे भाऊबंदही भात-गवतावरच वाढतात आणि बरेच सारखे दिसतात. खात्री नसेल तर ‘गवतावरचा, पिवळा, रेषांचा’ एवढीच नोंद करा, तीही मोलाची आहे.

रात्री उजेडाकडे येणारे पतंग बघायला दिवा आणि पांढरी चादर लावून बसायचं ते येत्या अमावास्येला.