व्यायाम सुरू केल्यापासून नेहमीचाच चहा जास्त गोड लागतो. व्यायामाने अंगातला दाह (इन्फ्लमेशन, म्हणजे शरीराची सूज आणणारी प्रतिक्रिया) कमी होऊन असं खरंच होतं का?

होऊ शकतं. पण व्यायामासोबत साखरही कमी केली असेल, तर श्रेय आधी तिला द्या. गोड कमी खाल्लं की काही आठवड्यांत तेवढीच साखर जास्त गोड लागू लागते.

दाहाचा मुद्दा मात्र भारी आहे. जिभेवरच्या स्वादकलिकांतल्या (चव ओळखणाऱ्या पेशींच्या पुंजक्यांतल्या) पेशी साधारण दहा-बारा दिवसांत मरतात, जागी नव्या येतात. अंगात कायमचा सौम्य दाह असला की ही ये-जा बिघडते. कॉर्नेल विद्यापीठातल्या संशोधकांनी २०१८ मध्ये उंदरांवर हे दाखवलं. आठ आठवडे चरबीयुक्त खाणं दिल्यावर लठ्ठ उंदरांच्या स्वादकलिका सुमारे २५ टक्क्यांनी घटल्या. दाह वाढवणारं टीएनएफ-अल्फा हे प्रथिन ज्यांच्यात तयारच होत नव्हतं, ते उंदीरही लठ्ठ झाले, पण स्वादकलिका शाबूत! नियमित व्यायामाने असा दाह उतरतो, त्यामुळे जीभ तल्लख होणं पटण्यासारखं आहे. माणसांतला पुरावा अजून तुटपुंजाच.

घामाघूम झाल्यावर लिंबू सरबतात चिमूटभर जास्त मीठ हवंसं वाटतं, ते वेगळं. तिथे घामावाटे गेलेलं सोडियम शरीर परत मागत असतं.