मधली पायरी कुठे आहे बे?

बाबू,

तू ठेवून गेलास ती वही दोनदा वाचली. पहिल्यांदा रात्री, कौतुकानं. दुसऱ्यांदा सकाळी, आणि चहा निवून गेला. शेवटच्या पानावर पेन्सिलीनं लिहिलंस, 'सर, सगळे बे एकच असतील का? की मी मूर्ख आहे?' मूर्ख नाहीस, घाईत आहेस. मूर्खपणा लोक विसरतात, घाई मात्र नावानिशी छापली जाते. माझी छापली गेली आहे. ते पुढे येईलच.

आधी तुझा तक्ता. पाढ्यातला बे, 'काय बे' मधला बे, बेकार-बेशरममधला बे, उर्दू मुळाक्षरांतला बे आणि तुर्की-बल्गेरियनमधला बे. पाच चौकटी, आणि पाचही बाणांनी जोडलेल्या. बाण काढायला पट्टी पुरते रे.

पाढ्यातला बे घे. संस्कृतात 'द्वे'. हे जोडाक्षर झिजताना कुठे द उरला, कुठे व उरून त्याचा ब झाला. प्राकृतात दोन्ही तऱ्हा सापडतात. म्हणून आपण मोजताना 'दोन' म्हणतो आणि पाढा घोकताना 'बे'. बारा, बावीस, बत्तीस, बेचाळीस, सगळ्यांत हाच ब. गुजरातीत तर दोनाला साधं बेच म्हणतात. आता पाहा, लॅटिननंही हीच खोड केली. तिथल्या जुन्या 'द्वि'चा 'बि' झाला. बायसिकलमधला 'बाय' तोच. बिस्किट म्हणजे दोनदा भाजलेलं, त्यातला 'बिस्' तोच. टपरीवर तू चहात बुडवतोस त्या बिस्किटाचा बि आणि आपल्या पाढ्यातला बे चुलतभाऊ आहेत. हे मी छातीठोकपणे सांगतो, कारण मधली एकेक पायरी दाखवता येते. आणि नेमकं हेच नातं तुझ्या तक्त्यात नाही! दिसायला सारखे नाहीत ना, म्हणून तुझ्या नजरेतून सुटले.

उलट उर्दूच्या बे-पुढे तू तीन उद्गारचिन्हं दिलीस, कारण अबजदच्या, म्हणजे अरबी अक्षरांना आकडे देण्याच्या, हिशेबात त्या अक्षराची किंमत २. अरे, ते अरबीत 'बा', हिब्रूत 'बेथ', म्हणजे घर. बेथलेहेममधला बेथ तोच, ग्रीकांचा बीटाही त्याच घराण्यातला. अक्षरांच्या रांगेत दुसरं उभं, म्हणून किंमत २. आपला बे दोन आहे, कारण तो मुळात 'द्वे' आहे. दोघं आपल्या नागपूरच्या बर्डीच्या बाजारात, गर्दीत एकमेकांना धक्का लागून पुढे गेले, एवढंच.

बेकारचा बे फारसी. आजच्या इराणात त्याला 'बी' म्हणतात, आपल्याकडे जुना उच्चार राहिला. त्याच्याही आधी, पहलवीत, म्हणजे इराणच्या जुन्या भाषेत, 'अबे'. हे सापडल्याबरोबर तू लाल शाईनं लिहिलंस, 'अबे!! हिंदीतला अबे!!' इथे मी वही मिटली. 'शिवाय' या अर्थाचा शब्द माणसाला हाक मारायला कधी लागला? कुठल्या शतकात, कुठल्या लिखाणात? मधली पायरी कुठे आहे?

बल्गेरियन वाचून मात्र मीही उडालो, कबूल करतो. 'आयदे बे' म्हणजे आपलं 'चाल बे'. तुर्कीत 'हादी बे'. तेही मित्राला, वडीलधाऱ्याला नाही. वर बल्गेरियनात बायांसाठी निराळा 'मा', जसा आपला 'वं'. कुणालाही मोह होईल. आणि तुर्की शब्द आपल्याकडे आलेच नाहीत असं थोडंच आहे? तोप आली, कैची आली, बेगम आली. पण त्या फारसीच्या रस्त्यानं आल्या आणि रस्त्यावर त्यांची पावलं आहेत. तुझ्या बे-ची पावलं दाखव. ऑक्टोबर १९५६ संपेपर्यंत हे शहर मध्य प्रदेशची राजधानी होतं, आजही इथला बाजार अर्धा हिंदीत चालतो. शेजारच्या घरात 'अबे' बसला आहे आणि तू काहून इस्तंबूलला पत्ता विचारून राहिला बापा?

रागावतोय असं वाटेल. रागावतोच आहे, पण थोडा माझ्यावर. सव्वीस वर्षांचा असताना अमरकोशात मला 'नागरंग' सापडलं, म्हणजे नारिंग. नाग, नागपूर, संत्रं! मी एका स्मरणिकेत लेख ठोकून दिला की अख्ख्या जगाला 'ऑरेंज' हा शब्द आपल्या शहरानं दिला. सभागृहात टाळ्या पडल्या. मागच्या रांगेतल्या एका मुलीनं विचारलं, 'सर, शहर कधी वसलं?' बख्त बुलंद शहानं ते वसवलं १७०२ च्या सुमारास. तोवर नारंग फारसीतून अरबीत 'नारंज' होऊन स्पेनला पोचून शतकं लोटली होती. मी तिला हसून म्हणालो, 'सविस्तर नंतर बोलू.' ते नंतर आजवर आलं नाही.

दुरुस्ती छापायला हवी होती. पण स्मरणिका वर्षातून एकदाच निघायची, पुढच्या वर्षी संपादक बदलले, आणि खरं सांगायचं तर लेखानं कुणाचं नुकसानही झालं नव्हतं, चार लोकांना संत्र्याचा अभिमान वाटला इतकंच. असं मी स्वतःला समजावत आलो. गेल्या हिवाळ्यात एका लग्नात तर्री पोहे खाताना एका शिक्षकानं माझाच शोध मला ऐकवला, दरवर्षी वर्गात सांगतो म्हणाला. मी मान हलवली.

म्हणून मी पायरी पायरी करतो. तुला कंटाळा आला तरी करणार.

प्रबंधिकेची तारीख पुढे ढकलून घे. तुर्कीचं पान फाडू नकोस, बाण तेवढे खोड. आणि पान ११ वर तू 'द्वार – दार – गुजराती बारणुं' असं लिहून त्यावर काट मारली आहेस, शेजारी 'जुळत नाही'. ती काट का मारलीस? रविवारी ये, वही घेऊन ये, बिस्किटं मी आणतो.